भिंतीच्या तड्यांचे फोटो पुरावा म्हणून टिकतील का?

प्रश्न : शेजारच्या भूखंडावर पायासाठी खोदकाम सुरू झाल्यापासून आमच्या घराच्या भिंतींना तडे जात आहेत. मी मोबाइलवर पुष्कळ फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवरून नातेवाइकांना पाठवून ठेवले आहेत. प्रकरण न्यायालयात गेल्यास एवढे पुरेल का?

उत्तर : नातेवाइकांकडे असलेल्या प्रतींवर विसंबू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचा दर्जा कमी होतो आणि फाइलमधील दिनांक, वेळ व कॅमेऱ्याची नोंदही गळून पडते. मूळ फाइल फोनमध्ये शिल्लक असेल, तर ती काटछाट न करता आणि न उजळवता आजच दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावी. अर्थात ही नोंद बदलता येते, हे विरुद्ध पक्षाच्या वकिलालाही ठाऊक असते. त्यामुळे शेवटी ज्याने फोटो काढला त्यालाच, तो कुठे आणि केव्हा काढला व प्रत्यक्ष स्थिती तशीच होती, हे शपथेवर सांगावे लागण्याची शक्यता असते. म्हणूनच फोटो शक्यतो एकाच व्यक्तीने काढावेत आणि प्रत्येक फोटोचा क्रमांक, खोली, भिंतीची दिशा व वेळ त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी.

बहुतेक जण नेमके तड्याजवळ जाऊन फोटो काढतात आणि तिथेच फसतात, कारण ती भिंत कोणत्या घराची, हे त्या चित्रावरून कोणालाच सांगता येत नाही. आधी दार किंवा खिडकीसह पूर्ण भिंत, मग तडा असलेला भाग आणि शेवटी जवळून तडा, असा क्रम ठेवावा. जवळच्या फोटोत तड्याला लागून, भिंतीला टेकवलेली मोजपट्टी असावी आणि कॅमेरा भिंतीसमोर सरळ धरावा; तो तिरका धरल्यास पट्टीवरचे माप फसवे दिसते. फ्लॅश समोरून पडला की बारीक तडे पुसल्यासारखे होतात, त्यामुळे बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकावा. पट्टीशिवायही एक फोटो घ्यावा, म्हणजे पट्टीखाली काही झाकले गेल्याचा आक्षेप राहत नाही.

तडा वाढतो आहे, हे दाखवणे आपल्या प्रकरणात सर्वांत मोलाचे ठरेल. त्याच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारून दिनांक लिहावा आणि ठरावीक दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढावा. तोवर तडे बुजवू नयेत. छत किंवा भिंत धोकादायक झाली असेल, तर मात्र फोटो काढून दुरुस्ती लगेच करावी.

तडे जुनेच आहेत, असा बचाव बहुधा होईलच. त्यासाठी न तडकलेल्या भिंतींचेही फोटो आताच काढावेत आणि घरातल्या जुन्या फोटोंत मागे हीच भिंत दिसते का, ते पाहावे. मात्र खोदकामामुळेच तडे गेले, हे कोणताही फोटो सांगू शकत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा पाहणी अहवाल लागेल आणि पाहणीच्या वेळी ही वही त्यांच्या हाती द्यावी.