कंटेनर हलवता येतो, वीजजोडणी नाही

तुमचा प्रश्न असा, की फॅब्रिकेशनचं वर्कशॉप कंटेनरमध्ये आहे, जिथे काम तिथे ट्रेलरवरून नेता, यावेळी जनरेटर बंद पडला म्हणून शेजारच्या काकांच्या शेतीपंपाच्या मीटरवरून केबल ओढून वेल्डिंग चालवलं आणि आता काकांच्या नावावर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली, म्हणजे अनधिकृत वीजवापराचं, बारा महिन्यांचं बिल आलंय. बांधकामच नाही तर परवानगी कसली, असं तुम्ही म्हणताय. पण दादा, जोडणी ठराविक जागेला आणि ठराविक कामाला मिळते, आणि तुमच्याकडून दोन्ही बदललं. कंटेनर उचलता येतो याने काही फरक पडत नाही.

आधी केबल काढा, आजच. अप्रामाणिक हेतूने दुसऱ्या कामाला वीज वापरली असं म्हणून कलम १३५ चोरीचं लावू शकतात, ते प्रकरण फार वाईट.

आता बिल. दर दुप्पट लागणार, ते टळणं अवघड, पण बारा महिने का? वापर कधीपासून झाला हे ठरवता येत नसेल तेव्हाच मागचे बारा महिने धरतात, तुम्ही म्हणता कंटेनर येऊन दोनच महिने झाले, मग ट्रेलरचं भाडं, हायड्रा क्रेनचं बिल, मालवाहतुकीचं ई-वे बिल, जुन्या साइटचं शेवटचं रीडिंग जे असेल ते जोडून लेखी हरकत द्या आणि सुनावणी मागा. ऑफिसात कुणी म्हणेल मान्य करून सही करा, विषय संपवा, तर करू नका, संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर अपीलच होत नाही. सही केली नाहीत तर अंतिम आदेशावर कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील आहे, निम्मी रक्कम भरून. ग्राहक आयोगात (आधीचा ग्राहक मंच) जाऊ नका, अनीस अहमद प्रकरणात २०१३ साली सुप्रीम कोर्टाने तो रस्ता बंद केलाय.

जनरेटर दुरुस्त झाला तरी लगेच चालू करू नका. ठराविक क्षमतेवरच्या जनरेटरला विद्युत निरीक्षकांची तपासणी लागते, तुमच्या जनरेटरच्या केव्हीएला (क्षमतेला) लागते का ते त्यांच्या ऑफिसात विचारा, आणि वर्कशॉप कारखान्यात मोडत असेल तर वीज कायद्याच्याच कलम ५४ प्रमाणे सात दिवस आधी त्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. जागा बदलली की अर्थिंग नव्याने, जनरेटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या जोडण्यांनी, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच, सगळा पत्र्याचा डबा आहे आणि आत पोरं काम करतात.

हरकतीवर सही काकांची घ्या, वापर तुम्ही केलात ते वेगळ्या अर्जात स्वतः लिहा.