पूररेषा, प्लॉट आणि बी.प्लॅन

प्रश्न : सर, आम्ही सांगलीचे. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित चांगलं आहे. 2019 ला घरात छातीएवढं पाणी होतं, 2021 ला पुन्हा आलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात पूरच बसलाय. गल्लीतल्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा मोजून वहीत नकाशा केलाय. आता म्हणते, नगररचना शिकायची. मी म्हणतो, सरळ कॉम्प्युटर घे. यात नोकऱ्या आहेत का? जाता जाता एक : गावाबाहेर गुंठेवारीतला एक प्लॉट बघितलाय, विसार द्यायचाय. त्यावरून ती माझ्याशी बोलत नाही.

उत्तर : नमस्कार. तुम्ही जाता जाता लिहिलंत ते मी आधी घेतो, कारण मुलीला काय शिकायचंय ते त्यातच आहे.

पूर म्हटलं की आपल्याला कोयनेचा विसर्ग आणि सांगलीतल्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आठवते. 45 फुटांना धोका, आणि 2019 ला पाणी 57 च्याही वर. तो हिशेब जलसंपदा खात्याच्या अभियंत्यांचा. पण ते पाणी कुणाच्या घरात शिरणार, हे कितीतरी वर्षं आधी ठरलेलं असतं : कुठलं शेत बिगरशेती झालं, कुठल्या ओढ्यावर भराव पडला, तेव्हा. मुलीला खुणावतंय ते हे दुसरं काम.

आपल्याकडे नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल 100 वर्षांतल्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी. ‘100 वर्षांतून एकदा’ हे शब्द फसवे आहेत, आता शंभर वर्षं निवांत असं वाटतं. खरा अर्थ, दरवर्षी 1 टक्का शक्यता. निळ्या रेषेच्या काठावर घर असेल, तर 20 वर्षांच्या गृहकर्जात पाणी एकदा तरी उंबऱ्याला लागण्याची शक्यता 50 टक्क्यांहून जास्त. हे गणित मुलीकडून करून घ्या, बारावीचंच आहे.

रेषा आखणं त्यामानानं सोपं. रेषेच्या आत ज्याची दोन एकर आहेत, त्याचं काय? शेजारच्या गटात बंगले आणि याच्या गटात फक्त ऊस? महाराष्ट्रात 1966 च्या नगररचना कायद्यानुसार प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला की हरकतींचा पाऊस पडतो तो यामुळे. मग मैदानाचं आरक्षण, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क), पुनर्वसन असे मार्ग काढावे लागतात, आणि तेही अर्धवट राहतात. कोल्हापूरजवळच्या चिखलीच्या लोकांना सोनतळीला भूखंड मिळाले, तरी गाव नदीकाठीच आहे. शेत, गोठा, देऊळ तिथेच, मग माणूस कसा हलेल? नेदरलँड्समध्ये नायमेखेन शहरात वाल नदीचा बांध 350 मीटर मागे घेऊन नदीला जागा दिली. तिथेही काही घरं पाडावी लागली, आणि त्यांच्या मालकांशी कुणालातरी बोलावं लागलं. तो ‘कुणीतरी’ म्हणजे नियोजनकार. मुलीला नकाशा आवडतोच. कावलेल्या माणसासमोर सातबारा घेऊन शांत बसता येईल का, हे तिनं स्वतःला विचारावं.

आता शिक्षण. बारावीनंतर बी.प्लॅन, म्हणजे नगररचनेची पदवी. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये (एसपीए) जेईई मेनच्या पेपर 2बी वरून प्रवेश. बारावीला गणित हवंच. पुण्यात सीओईपी आहे. दुसरी वाट म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंग करून गेट परीक्षेमार्गे एम.प्लॅन, म्हणजे नगररचनेची पदव्युत्तर पदवी. माझं मत विचाराल तर तुमच्या घरासाठी दुसरी वाट. सिव्हिलच्या पदवीवर एमपीएससीची नगररचनेची पदं खुली असतातच, शिवाय जलसंपदाही. एसपीए दिल्ली किंवा भोपाळला नंबर लागला, तर मात्र माझं हे मत विसरा आणि पाठवा.

नोकऱ्या आहेत : नगररचना विभाग, महापालिका, प्राधिकरणं, सल्लागार कंपन्या. कॉम्प्युटरएवढा सुरुवातीचा पगार बहुतेक ठिकाणी नाही, आणि सरकारी जाहिरातीची वाट बघण्यात वर्षं जातात. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, तिनं आजच शिकायला घ्यावं. खासगीत मुलाखतीला बोलावतात ते त्याच्या जोरावर. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्गही मोफत असतात.

आणि तो प्लॉट. गुंठेवारीत, म्हणजे शेतजमीन गुंठ्यागुंठ्यानं तोडून विकतात त्यात, मंजूर लेआउट नसतो, म्हणून तो परवडतो, आणि स्वस्त जमीन बरेचदा सखलच निघते. 2001 च्या कायद्यानं अशा वस्त्या नियमित करता येतात. पण त्यानं कागद सरळ होतो, जमीन वर येत नाही. विसार देऊ नका अजून. गट नंबर मुलीच्या हातात द्या. पाटबंधारे कार्यालयात आणि महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघायला मिळतो. दोघं मिळून जा, पण बोलायचं तिनं. खिडकीवरून तीनदा परत पाठवलं तरी तिचा उत्साह टिकला, तर कुठल्या कॉलेजचा फॉर्म भरायचा ते मला कळवा. प्लॉट रेषेच्या कुठल्या बाजूला निघाला, तेही.