डोंबिवलीच्या बाल्कनीत दिसणारा उड्या मारणारा कोळी 'आयशियस तुकारामी' असेल का?

हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या नावाचा कोळी ठाणे-कल्याण भागात सापडला हे तुम्ही वाचलंत आणि बाल्कनीच्या भिंतीवरचा छोटा, करडा, पट्टेवाला कोळी तोच का, असं विचारलंत. बहुतेक नाही. सिमेंटच्या भिंतीवर माशीच्या मागे दबा धरत सरकणारा चपटा करडा कोळी आपल्याकडे बहुतेक वेळा मेनेमेरस बायविटॅटस या दुसऱ्याच जातीचा निघतो. मादीच्या दोन्ही कडांना गडद पट्टे असतात, नराच्या पाठीवर मधोमध एकच. माणसाला त्याच्यापासून काही धोका नाही. राहू द्या त्याला, माश्या कमी होतील.

आता आयशियसबद्दल. हा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, फ्रेंच अभ्यासक यूजेन सिमों यांनी 1876 मध्ये मांडला. युरोप, आफ्रिका, आशियात याच्या जाती आहेत. त्यातली आयशियस हमाटस ही भूमध्य समुद्राभोवतालची जात सगळ्यांत परिचित. सगळेच लहान, लांबट अंगाचे, साधारण तांदळाच्या दाण्याएवढे. ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये आयशियस तुकारामीचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याआधी 2018 मध्ये याच जीनसमधल्या एका जातीला आयशियस विक्रमबात्राई हे नाव मिळालं होतं, कारगिलचे परमवीर कॅप्टन विक्रम बात्रा यांच्यावरून. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवणाऱ्या ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, ते योग्यच झालं. पण मला या नावाचं विशेष वाटतं, कारण यापुढे जगात कुठेही या कोळ्यावर कुणी लिहिलं, तर त्याला ओंबळेंचं, केडंबे गावच्या या माणसाचं, नाव लिहावंच लागेल.

फोटोवरून खात्री का देता येत नाही, तेही सांगतो. आयशियस, स्यूडिशियस, फिंटेला हे उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे जीनस एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की अभ्यासकांनाही काही जाती एका जीनसमधून उचलून दुसऱ्यात टाकाव्या लागल्या आहेत. स्यूडिशियसच्या डोळ्यांखाली राठ केसांची रांग असते, त्यावर पुढचा पाय घासून तो आवाज काढतो. आयशियसला ती नसते. जात ठरवायची तर प्रौढ नराच्या तोंडाजवळचे पाल्प (छोट्या पायांसारखे दोन अवयव) सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. त्यांची टोकं फुगीर असतात आणि त्यातल्या काट्यांचा आकार जातीगणिक वेगळा. मादीच्या बाबतीत पोटाखालचं जननांग तपासतात. रंग-पट्टे पाहून अंदाज तेवढा बांधता येतो.

तरी मॅक्रो लेन्स असेल तर एकदा बाल्कनीतल्या त्या कोळ्याच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा धरून बघाच. पुढचे दोन मोठे डोळे क्षणात काळेभोर, क्षणात मधासारखे दिसतात. बाहेरचं भिंग जागचं हलत नाही, आत डोळ्याची नळी हलते, म्हणून हा बदल. काळे दिसले की समजा, त्याची नजर थेट तुमच्यावर आहे. उडी मारण्याआधी तो खाली धाग्याचं टोक चिकटवतो. मागच्या पायांत रक्ताचा दाब एकदम वाढतो, पाय ताठ होतात आणि तो सुटतो. नेम चुकलाच तर त्या धाग्यावर लटकतो.

तुम्हाला आयशियसच शोधायचा असेल तर भिंत सोडून झाडाझुडपांकडे वळा. फांदीखाली उघडी छत्री उलटी धरायची आणि वर काठीने दोन-तीन हलके फटके द्यायचे. फिकट रंगाच्या छत्रीत पडलेले बारीक कोळी लगेच दिसतात. अशाने जे काही हाती लागतं ते भिंतीवर कधीच भेटत नाही. वरून, समोरून आणि बाजूने असे तीन फोटो काढा, झाड कोणतं ते लिहून ठेवा, आणि कोळी जिथून पडला त्याच फांदीवर परत सोडा. फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर, टाकलेत तर कोळ्यांचे जाणकार तिथे बघतात. नराचे पाल्प स्पष्ट आले असतील, तर निदान जीनसपर्यंत तरी उत्तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते.