शेतमाल कंपनीने स्वतःची विमा कंपनी, म्हणजे कॅप्टिव्ह, काढावी का?

तुमचं म्हणणं असं की जुन्नरजवळ पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज आहे, शेतकऱ्यांची प्रोड्यूसर कंपनी आहे, विम्याचा हप्ता दरवर्षी वाढतोय, क्लेम केला की हातात फारसं काही पडत नाही आणि आता एका सल्लागाराने कॅप्टिव्ह काढा म्हणून सांगितलंय. मी पुण्यात राहतो, मावळ, आंबेगाव, जुन्नर भागातल्या अशा कंपन्यांचे हिशेब आणि पॉलिस्या बघणं हेच माझं काम आहे. माझं मत स्पष्ट आहे, कंपनी काढायच्या भानगडीत पडू नका, पण त्यामागचा विचार मात्र जरूर घ्या.

कॅप्टिव्ह म्हणजे धंदेवाल्याने स्वतःच्याच जोखमीसाठी काढलेली विमा कंपनी. बाहेर द्यायचा तो हप्ता तिला द्यायचा, नुकसान कमी झालं तर उरलेला पैसा आपलाच. हे नाव अमेरिकेत १९५० च्या दशकात फ्रेडरिक रीस नावाच्या माणसाने रूढ केलं, ओहायोतल्या एका पोलाद कंपनीच्या खाणी फक्त तिच्यासाठीच चालायच्या, त्यांना कॅप्टिव्ह माइन्स म्हणत, त्यावरून. तिथले मोठे शेतीवाले हे वापरतात कारण सरकारी पीकविम्याच्या मूळ पॉलिसीत साधारण ८५ टक्क्यांपर्यंतच कव्हर मिळतं, वरचा भाग उघडा राहतो, शिवाय विकलेला माल परत बोलवावा लागणं वगैरे गोष्टींचा विमा बाजारात महाग मिळतो. पण तिथेही छोट्या कॅप्टिव्हचा टॅक्स वाचवायला इतका गैरवापर झाला की तिथल्या आयकर खात्याने २०१५ मध्ये त्या आपल्या फसव्या योजनांच्या यादीत टाकल्या. तुमच्या सल्लागाराने हे सांगितलं का, एकदा विचारा.

आपल्याकडे तर पहिलाच अडथळा मोठा आहे. जनरल इन्शुरन्स कंपनी काढायची तर १०० कोटींचं भागभांडवल आणि आयआरडीएआय, म्हणजे विमा नियामकाची नोंदणी लागते, संपला विषय. आणि सभासदांकडून वर्गणी घेऊन "गारपीट झाली तर एवढे देऊ" असं लेखी देऊ नका, तो विनापरवाना विम्याचा धंदा धरला जाऊ शकतो.

मग करायचं काय? आधी नुकसानीचं रजिस्टर काढा. मी एका पॅकहाऊसचं पाच वर्षांचं नुकसान बसून लिहून काढलं होतं, मॅनेजरच्या डायरीतून, लाइटबिलांवरून, मोटर रिवाइंडिंगच्या पावत्यांवरून. एकतीस नोंदी निघाल्या. त्यातल्या सत्तावीस पन्नास हजारांच्या आतल्या, फॅन मोटर जळाली, क्रेट फुटले, गाडी घाटात अडकून टोमॅटो मऊ पडला, असलं. उरलेल्या चारमध्ये निम्म्याहून जास्त पैसा गेला होता आणि त्यातली एक तर रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला, जनरेटरची बॅटरी डाउन, सकाळी रूमचं दार उघडलं तर द्राक्षाच्या पेट्यांना आतून घाम सुटलेला, ती होती. हे कागदावर बघितलं की आपोआप कळतं, छोटी वारंवार होणारी नुकसानं विमा कंपनीकडे नेऊन उपयोग नाही, त्यात सर्व्हे, कागद, वजावट यातच दम जातो, त्यासाठी स्वतःचा फंड बाजूला ठेवा आणि त्यातून भरा. जी कॉम्प्रेसरसारखी मोठी असतात ती मात्र बाहेर विमा कंपनीकडेच द्या, तिथे एक रुपयाही वाचवू नका.

आता इथे लोक चुकतात. फंड मोठा झाला की वाटतं आपण सगळंच पेलू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मावळातल्या एका फुलवाल्याचा दुपारी मला फोन होता, तो बोलत होता आणि मागे पॉलिहाऊसचा पेपर, म्हणजे वरचं प्लास्टिक, इतका फडफडत होता की शब्द ऐकू येईनात. त्यांनी पाच जणांनी मिळून आपसात एक फंड ठेवला होता, कोणाचं काही गेलं तर त्यातून द्यायचं. त्या एका दुपारी पाचही जणांचे पेपर फाटले. फंड चांगला होता, हेतू चांगला होता, पण एका तालुक्यातले सगळे एकाच ढगाखाली असतात, मग कोण कोणाला देणार? मला अजून ते लागतं, कारण फंडाचा हिशेब मीच लिहिला होता आणि हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

फंडासाठी वेगळं बँक खातं करा, संचालक मंडळाचा ठराव करा की यातून फक्त ठरलेली नुकसानंच भरायची. नाहीतर हंगामात बारदान आणि मजुरीत पैसा जातो, हे मी बघितलंय. प्रोड्यूसर कंपनीला कायद्याने जनरल रिझर्व्ह, म्हणजे राखीव निधी, ठेवावाच लागतो, त्यात हे नीट बसतं. एक मात्र लक्षात ठेवा, विम्याचा हप्ता खर्च म्हणून धरता येतो, स्वतःच्या फंडात टाकलेली रक्कम नाही, सीएशी बोलूनच ठरवा.

क्लेममध्ये पैसे का कापले जातात तेही सांगतो, बहुतेक वेळा विम्याची रक्कम खऱ्या किमतीपेक्षा कमी लावलेली असते. ५० लाखांची मशिनरी ३० लाखांना विमा केली आणि १० लाखांचं नुकसान झालं तर सहाच मिळतात, वर एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, वजा. आणि कोल्ड स्टोरेजमधला माल खराब होण्याची पॉलिसी मशिनरी ब्रेकडाउनच्या पॉलिसीला जोडूनच मिळते, ती नसेल तर रात्रीच्या त्या पेट्यांचं काहीच येत नाही, तुमच्याकडे दोन्ही आहेत का आजच बघा.

रिन्यूअलच्या दोन महिने आधी ब्रोकरकडून दोन कोटेशन मागवा, एक सध्याच्या एक्सेसचं, एक दोन लाखांच्या एक्सेसचं. एक्सेस वाढवल्यामुळे हप्ता जेवढा कमी होईल तो फरक त्याच दिवशी त्या वेगळ्या खात्यात टाका. फरक फारच किरकोळ निघाला तर जुनाच एक्सेस ठेवा.