फोकस कुणावर धरायचा?

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या संघातून खो-खो खेळते. माझ्याकडे निकॉन डी७२०० आणि ७०-३००ची लेन्स आहे. कडेला बसून दर सामन्याला तीनेकशे फोटो काढतो आणि घरी येऊन बघावं तर निम्म्यांत तीच धूसर. ५१ फोकस बिंदूंचा कॅमेरा असून असं का? लेन्स बदलू का? तीन फोटो सोबत जोडलेत.
– एक बाबा, जुळे सोलापूर

उत्तर : लेन्स विकायला काढू नका, तिचा काही दोष नाही. तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले आणि तिन्हींचं दुखणं वेगवेगळं निघालं.

पहिल्यात मुलगी धूसर, पण ती दोन पावलांपूर्वी जिथं होती तिथली फक्कीची रेघ लख्ख. दुसऱ्यात तिच्या अलीकडे चौकोनात बसलेल्या मुलीच्या वेणीचा केस न् केस मोजून घ्यावा. तिसऱ्यात सगळं जागच्या जागी आहे, चेहराही बरा आहे, फक्त हातपाय फराटलेत. तो फोकसचा प्रश्नच नाही, तिथं शटर १/२०० सेकंद होतं. १/१०००वर न्या, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, चढला तर चढू दे. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो कशानं दुरुस्त होत नाही.

आता पहिल्या दोघांकडे येऊ. फाइलमधल्या नोंदी सांगतात की मोड एएफ-ए आहे आणि क्षेत्र ऑटो. म्हणजे फोकस कधी धरायचा आणि कुणावर, हे दोन्ही तुम्ही कॅमेऱ्यावर सोपवलंय. एएफ-ए तुम्ही बटण अर्धं दाबताना मुलगी पळतेय की उभी आहे याचा अंदाज बांधतो. तिनं वळायला क्षणभर पाय रोवला की त्याला वाटतं ही थांबली. तो फोकस तिथंच गोठवतो आणि ती निघून जाते. म्हणून एएफ-सी ठेवा. बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत कॅमेरा अंतर मोजत राहतो. लेन्सच्या मुळाशी डावीकडे छोटं बटण आहे ना, ते दाबून मागची चकती फिरवली की मोड बदलतो, पुढची फिरवली की क्षेत्र.

वेणीचा फोटो ऑटो क्षेत्रामुळे आला. ऑटोचा ओढा जवळच्या वस्तूकडे असतो. खो-खोत तर आठ जणी ओळीनं बसलेल्या, आणि तुमची पोर त्यांच्यामधून नागमोडी पळणार. कॅमेऱ्यानं जवळची धरली, त्यात त्याचं काय चुकलं? ५१ बिंदू म्हणजे ५१ डोळे हे जाहिरातीत ठीक. अशा गर्दीत ती ५१ निमित्तं असतात चुकायची. क्षेत्र डायनॅमिक करून त्यात ९ बिंदू निवडा, मधला तिच्या छातीवर धरा. ती निसटली तरच आजूबाजूचे आठ मदतीला येतात. ९ जमत नसतील तर २१, त्यापुढे जाऊ नका. आणि मेनूत 'फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन' आहे, ते ३ वरून ४ किंवा ५ करा. मग मध्ये कुणी आडवं आलं तरी कॅमेरा लगेच त्याच्यामागे धावत नाही, जरा दम धरतो.

एक जुगाड सांगतो, मला फार उपयोगी पडलाय. एई-एल/एएफ-एल बटणाला मेनूतून एएफ-ऑनचं, म्हणजे फोकस धरण्याचं, काम द्या. आता फोकस अंगठ्याकडे आणि फोटो तर्जनीकडे. खांबाच्या बुंध्यावर फोकस घ्या, अंगठा उचला आणि वाट बघत बसा. खांबावरचा सूर खांबापाशीच पडणार, फोकस आधीच तिथं हजर. मात्र नंतर हाच कॅमेरा वाढदिवसाला मेव्हण्याच्या हातात दिलात तर त्याचे सगळे फोटो धूसर येतील, कारण त्याला अंगठ्याचं माहीत नसेल. आमच्या घरी हे झालंय आणि त्यावरचं बोलणं अजून संपलेलं नाही.

प्रश्न : कॅनन आर१० घेतलाय. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत डोळ्यांचा फोकस सतत दुसऱ्याच चेहऱ्यांवर उड्या मारत होता. काय चुकलं?
– एक वाचक, उत्तर कसबा

उत्तर : गर्दी बघा ना. सात नंदीध्वज, म्हणजे उंचच उंच काठ्या, पुढं-मागं पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, कडेला अख्खं सोलापूर. चेहरे शोधणारा कॅमेरा तिथं गांगरणारच. सर्व्हो (कॅननचा एएफ-सी) ठेवा, डोळे ओळखणं बंद करा आणि एकच बिंदू घ्या. तो ज्याच्या हाती काठी आहे त्याच्या चेहऱ्यावर ठेवा. चेहरा काठीआड गेला तर बाराबंदीच्या बंदांच्या गाठीवर. छातीच्या कोऱ्या पांढऱ्या कापडावर ठेवू नका. फोकसला पकडायला काहीतरी उजेड-अंधाराची कड लागते, कोऱ्या कापडावर लेन्स नुसती पुढं-मागं चाचपडते.

माझं सांगतो. डिजिटल नवीन घेतलं त्या वर्षी मी ही मिरवणूक एएफ-एसवर, म्हणजे फोकस एकदा धरून गोठवणाऱ्या मोडवर, काढली. बटण अर्धं दाबून 'हर्र बोला हर्र'ची वाट बघत राहिलो. गजर झाला तोवर काठीवाला तीन पावलं पुढं आलेला. घरी पाहिलं तर एकूण एक फ्रेममध्ये मागच्या दुकानाची पाटी अशी सुरेख आलेली की मालकाला नेऊन द्यावी.

प्रश्न : हिप्परगा तलावावर उडणाऱ्या पक्ष्यांसाठी किती बिंदू ठेवू?
– विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : वर खो-खोवाल्या बाबांना सांगितलं त्याच्या उलट. मोकळ्या आभाळात पक्ष्याशिवाय धरण्यासारखं काही नसतं, तेव्हा सगळे बिंदू बिनधास्त चालू ठेवा. तोच पक्षी खाली येऊन बाभळीपुढून किंवा पाण्यालगत जाऊ लागला की क्षेत्र लहान करा, नाहीतर बाभळीचे काटे मिळतील. बाकी एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर दूरचे फोटो मऊ आले तर सेटिंग खणत बसू नका. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते, ती थेट लेन्समध्ये दिसते. तांबडं फुटायला तलावावर हजर राहा.