आंब्याच्या ॲपमध्ये काय हलावं, काय स्थिर असावं?

प्रश्न: आमची देवगडला हापूसची बाग आहे. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांनी थेट पेटी मागवावी म्हणून मी ॲप बनवतोय. मित्र म्हणतो, भरपूर ॲनिमेशन टाक, ॲप भारी वाटेल. वडील म्हणतात, काही हलवू नकोस, नीट वाचता येऊ दे. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, देवगड

उत्तर: बहुतेक ठिकाणी वडिलांचं.

पेटी किती डझनाची, फळ कच्चं की तयार, दर काय, कधी पोचणार, हे गिऱ्हाईक वाचून ठरवतं. तिथे काहीही हललं की नजर दरावरून उडते. आपोआप सरकणारी फोटोंची पट्टी तर मी इथे रत्नागिरीत कुणालाच करून देत नाही. तुमच्या बागेतला एकच स्वच्छ फोटो लावा. वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकषही सांगतात, की मजकुराशेजारी एखादी गोष्ट पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलत असेल, तर ती थांबवण्याची सोय हवी.

हालचाल हवी ती बटण दाबल्यावर. ॲप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्येच मांडलं होतं, की ०.१ सेकंदात प्रतिसाद मिळाला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. आपल्याकडे घाटात रेंज गेली आणि पडदा तसाच राहिला, तर मुंबईहून गावी निघालेला चाकरमानी पुन्हा बटण दाबणार आणि एकाच्या दोन ऑर्डरी होणार. म्हणून दाबताक्षणी बटण बंद करा, त्यावर 'पाठवतोय' लिहून छोटं चक्र फिरवा. फार वेळ गेला तर चक्र काढून शब्दांत सांगा: नेट नाही, ऑर्डर अजून गेलेली नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला जास्त काळजी पेट्या भरणाऱ्यांच्या पडद्याची आहे. एप्रिल-मेच्या गर्दीत यादी उघडी असताना नवी ऑर्डर वरून घुसली, की सगळ्या ओळी खाली सरकतात. बोट भलत्याच नावावर पडतं आणि पाच डझनांची पेटी ठाण्याऐवजी कोथरूडला जाते. यादी जागची हलू देऊ नका. वर 'नवीन ३ ऑर्डर' अशी पट्टी दाखवा. भरणाऱ्याने ती दाबली तरच यादी बदलू दे.

जे हलवाल ते २०० ते ३०० मिलिसेकंदांत आटपा. फक्त जागा आणि पारदर्शकता बदला, तीही ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी हे CSS चे (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचे) गुणधर्म वापरून. रुंदी-उंची बदलत राहिलात तर ब्राउझरला मांडणी पुन्हापुन्हा करावी लागते आणि स्वस्त फोन अडखळतो.

आतल्या कानाचा त्रास असलेल्या काहींना सरकणाऱ्या पडद्यांनी खरोखर भोवळ येते. ॲपलने २०१३ मध्ये आयफोनसाठी आयओएस ७ ही नवी प्रणाली आणली, तेव्हा अशा तक्रारी आल्या होत्या. फोनमध्ये 'हालचाल कमी करा' हे सेटिंग चालू असेल, तर तुमच्या ॲपनेही ते पाळलंच पाहिजे. सरकण्याऐवजी पडदा थेट बदला. चक्राच्या जागी नुसतं 'पाठवतोय' पुरेल.