धाकटी अंथरुणावर ठेवताच का रडते? जुळ्या बाळांच्या झोपेविषयी एक अनुभव

जुळ्या बाळांच्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. एक बाळ निवांत झोपते, मग दुसऱ्यालाच काय होते? छातीशी घेतले की शांत आणि अंथरुणावर ठेवले की रडून घर डोक्यावर घेते; अशा बाळाला पालथे निजवले तर चालेल का, झोळीत घालावे का, की दोघांना एकमेकांना चिकटून ठेवले म्हणजे ते शांत होईल? मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात स्तनपान आणि बालसंगोपन यांविषयी समुपदेशन करते. हे तिन्ही उपाय करून थकलेल्या एका घराचा अनुभव येथे मांडत आहे; कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

देवगड तालुक्यात कलमांच्या बागेत असलेले ते आईचे माहेर होते. मुली ३५व्या आठवड्यात जन्मल्या होत्या. थोरली सव्वादोन किलोची, धाकटी १,८०० ग्रॅमची. मी गेले तेव्हा त्या जेमतेम महिन्याच्या होत्या, म्हणजे डॉक्टरांनी दिलेली मूळ तारीखही अजून उजाडलेली नव्हती. बारसे पुढे ढकललेले असल्यामुळे घरात त्यांना थोरली आणि धाकटी असेच म्हणत. धाकटीचा ‘हट्टी’ म्हणून लौकिक झाला होता आणि तो लौकिक मला पहिल्यापासून खटकत होता. मूळ तारीख न उलटलेले बाळ हट्ट करीत नाही; त्याला काहीतरी कमी पडते किंवा काहीतरी टोचते, एवढेच ते सांगत असते.

आधी आजाराची शंका दूर करणे आवश्यक होते. बालरोगतज्ज्ञांनी दोघींना तपासलेले होते. तरीही ताप येणे किंवा अंग थंड पडणे, दूध ओढणे बंद होणे, श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त वेळा चालणे किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, हिरवी उलटी, ओठ निळसर दिसणे, बाळ मलूल होणे यांपैकी एकही गोष्ट दिसली तर झोपेचा विचार बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा, हे मी आईला आणि आजींना सांगितले.

मग मी दूध पाजणे पाहिले. धाकटी स्तनावर चार-पाच मिनिटे ओढून गाढ झोपी जात असे, त्यामुळे तिचे पोट भरले असा सर्वांचा समज होता. वस्तुतः ती दमत होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ओढण्याची ताकद कमी असते. अर्धे पोट भरले की ती झोपतात आणि पाऊण तासात भुकेने उठतात. आशाताईंच्या घरभेटींतील नोंदी पाहिल्या तर थोरलीचे वजन व्यवस्थित वाढत होते, धाकटीचे मात्र रेंगाळले होते. बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरले की धाकटीला आधी अंगावर घ्यायचे आणि ती दमली की काढलेले आईचे दूध वाटी-चमच्याने पाजायचे. एक उठली की दुसरीलाही उठवून पाजायचे हेही ठरले, नाहीतर आईची रात्र दोन तुकड्यांत नव्हे, दहा तुकड्यांत जाते. आठवडाभरात धाकटीचे निम्मे रडणे यानेच ओसरले.

उरलेले निम्मे मात्र अंथरुणावर ठेवण्याच्या त्या एका क्षणाशी निगडित होते, आणि तो मी जवळून पाहिला. आजींच्या खांद्यावर धाकटी झोपली. डोळे मिटताच आजींनी तिला खाली ठेवले, डोके आधी आणि पाठ नंतर. अंथरुणावर मेणकापड, त्यावर धुतलेले पातळ फडके; पावसाळी हवेत ते गार आणि दमट लागत होते. डोके मागे जाताच तिचे दोन्ही हात झटक्याने पसरले, बोटे उघडली आणि ती दचकून रडू लागली. ही नवजात बाळाची नैसर्गिक दचक आहे, आधार निसटल्याची जाणीव झाली की ती उमटते. मी आजींना दोन गोष्टी करून पाहायला सांगितल्या. बाळाची झोप आधी वरवरची असते, म्हणून त्याचा हात उचलून सोडला असता तो सैल पडेपर्यंत थांबायचे. आणि ठेवताना आधी पाय, मग कुल्ले, मग पाठ आणि सर्वांत शेवटी डोके टेकवून छातीवर एक हात थोडा वेळ तसाच राहू द्यायचा. फडके कोरडे आणि जरा जाडसर घेतले. दुसऱ्या खेपेला धाकटी कुरकुरली, पण उठली नाही.

ती कुरकुर हाही एक विषय आहे. नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप चाळवलेली असते. त्यात ते कण्हते, तोंड वेडेवाकडे करते, हातपाय हलवते, क्षणभर डोळेही उघडते. मावशी अशा प्रत्येक आवाजाला धावून धाकटीला उचलत असत आणि झोपलेले बाळ खरोखरच जागे होत असे. मिनिटभर नुसते पाहत उभे राहणे त्यांना सर्वांत कठीण गेले.

आता जागेचा प्रश्न. येथे माझे मत पक्के आहे: बाळाला शांत करण्याच्या रीती हव्या तितक्या बदलाव्यात, पण झोपवायची जागा बदलू नये. बाळ प्रत्येक झोपेला उताणे, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, आईच्या खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागी असावे. आजींचे म्हणणे होते, “आमची सगळी पोरां पोटारच निजली, काय एक झाला नाय त्यांका. उताणी ठेवलंय आणि दूध वर इला तर?” ही भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर शरीराच्या रचनेतच आहे. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध पुन्हा अन्ननलिकेतच उतरते. पालथ्या बाळात हा क्रम उलटा होतो. पोटावर झोपवण्याचा सल्ला एके काळी परदेशातील डॉक्टरही देत असत. अमेरिकेत १९९२ मध्ये तो बदलला, १९९४ पासून उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढील काही वर्षांत निम्म्यावर आली. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना हा धोका अधिक असतो, म्हणून जुळ्यांच्या बाबतीत मी जास्त आग्रही असते.

झोळीत बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि नाजूक श्वासमार्ग दबतो. त्यामुळे नजरेसमोर चार झोके देऊन शांत करण्यापुरती झोळी चालेल, झोप लागली की सपाट जागी हलवावे. डोके गोल व्हावे म्हणून आणलेल्या मोहरीच्या दोन्ही उशा मी काढायला सांगितल्या; त्याऐवजी बाळाची मान झोपताना आलटून पालटून दोन्ही बाजूंना वळवावी आणि जागेपणी, आपण समोर असताना, त्याला थोडा वेळ पालथे खेळवावे. गर्भात एकत्र होत्या म्हणून एकत्र झोपवण्याची कल्पना गोड आहे, पण एकीचा हात दुसरीच्या नाकावर येऊ शकतो. माळ्यावरचा जुना लाकडी पाळणा सपाट फळीचा निघाला. तो हलू नये असा बांधून थोरलीला दिला. धाकटीसाठी आईच्या गादीशेजारी जमिनीवर कापसाची पातळ, घट्ट गादी घातली आणि दोन्हीकडे नीट ताणलेली मच्छरदाणी लावली.

सर्वांत धोक्याचा होता तो ओटीवरचा झोपाळा. रात्री दोनला आजी धाकटीला छातीशी घेऊन त्यावर बसत आणि पहाटे कधी डोळा लागला ते त्यांनाच कळत नसे. झोपाळ्यावर, खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळासह झोप लागणे हे गादीवर लागण्यापेक्षाही वाईट, कारण बाळ घसरते किंवा अंगाखाली, फटीत दबते. म्हणून रात्रीच्या पाळ्या लावल्या: दहा ते दोन मावशी, त्यानंतर आजी, आणि डुलकी येऊ लागली तर बाळ लगेच त्याच्या जागी. शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या बाबांना दुपारी धाकटीला उघड्या छातीशी धरून बसण्याचे काम मिळाले. कांगारू पद्धतीचा असा स्पर्श कमी वजनाच्या बाळाला फार मानवतो. अट एकच, धरणारा पूर्ण जागा हवा.

खोलीतील शेगडी आणि ओव्याची धुरी बंद करणे सोपे गेले नाही, तरी झाले. दारे-खिडक्या लावून कुंची, स्वेटर आणि वर गोधडी अशा थाटात धाकटीची मान घामाने ओली असे. हातपाय गार लागले तरी मान आणि छाती उबदार व कोरडी असेल तर कपडे पुरेसे आहेत असे समजावे. परसातल्या जायफळाविषयी मात्र मी कडक बोलले. झोपेसाठी सहाणेवर उगाळून चाटवलेल्या जायफळाची मात्रा कोणालाच मोजता येत नाही आणि ते बाळाला बाधू शकते. पहिले सहा महिने आईचे दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे, याखेरीज काहीही नको.

मूळ तारखेनंतर सुमारे सहा आठवड्यांनी रडणे पुन्हा वाढले, तेही संध्याकाळी, आणि या वेळी थोरलीचे. या वयात बाळांचे रडणे शिगेला पोहोचते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे वय मूळ तारखेपासून मोजायचे असते, हे आईला आधीच सांगितलेले असल्यामुळे ती घाबरली नाही. तिने फोन केला तो वेगळ्याच कारणासाठी. दोघींना दुपट्यात छातीशी सैल, कंबरेखाली पाय हलतील असे गुंडाळून झोपवत होते आणि आता धाकटी कुशीवर वळू पाहत होती. मी तिला त्याच रात्रीपासून धाकटीचे दुपटे बंद करायला आणि थोरलीवर लक्ष ठेवायला सांगितले.